दहा दिवसांत पुण्य

सांगलीकर डॉक्टरमंडळींनो, यंदा सेवा करायची तर थेट इथिओपिया गाठा. भडंगाची पाकिटं बांधून घ्या, परत आल्यावरच्या सत्काराला हॉल बुक करा. तिकीट काय, नंतरही निघतं.

काम फिस्टुल्याचं. बाळंतपण अडतं, दोन-दोन, तीन-तीन दिवस बाळाचं डोकं कटीच्या हाडांत अडकून राहतं. दाबानं मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग सडतो आणि मूत्राशयाला भोक पडतं; हाच फिस्टुला. बाळ बहुधा गेलेलंच असतं आणि बाईची लघवी रात्रंदिवस गळत राहते. फोटोखाली एवढं पुरे. वेळेवर सिझेरियन झालं असतं तर हे टळलं असतं, हे मात्र लिहू नका. टळलेल्या दुखण्याला कोण हार घालतं?

एक पथ्य कडक पाळा : शेवटची ऑपरेशनं निघायच्या आदल्या दिवशी उरका. लघवीची नळी आठ-दहा दिवस, अवघड केसला दोन आठवडेही ठेवावी लागते. ती काढल्यावर सकाळी गादी कोरडी निघते की ओली, हे बघायला तुम्ही असूच नये. तिथली सिस्टर चादर चाचपून बघेल. (तिचं नाव विचारून ठेवा म्हणणार होतो. राहू दे, स्लाइडवर जागा कुठे असते!)

वाईट संगत टाळा. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर कॅथरिन हॅम्लिन नवऱ्याबरोबर 1959 मध्ये तीन वर्षांच्या करारावर अदिस अबाबाला गेल्या, 1974 मध्ये तिथे फिस्टुल्याचं हॉस्पिटल काढून बसल्या आणि 2020 मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्याकडे पेशंट म्हणून आलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली ममितू गाशे ऑपरेशन शिकली आणि पुढे सर्जन लोकांना शिकवू लागली. ती टेबलाशी दिसली तर हातमोजे बदलायचं निमित्त करून सटका. आपल्या मिरजेचे मिशन हॉस्पिटलवाले वॉनलेससाहेब तरी काय वेगळे? हिंदुस्थानात चाळीसेक वर्षं राहिले, वर इथल्याच पोरांना डॉक्टरी शिकवत बसले.

परत आलात की दवाखान्याच्या पायरीवर ऊसतोडीची एखादी बाई बसलेली असेल, लुगड्याखाली फडकं घट्ट बांधून. "मोळी उचलली की अंग भाईर येतंय, डॉक्टर."

तिला म्हणावं, सोमवारी ये. नको, मंगळवारी. सोमवारी सत्कार आहे.