लेग डे चुकला तर चालेल, मित्राची हाक चुकवू नका

हे बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकते. आपण जी हौसेनं व्यायाम करणारी माणसं आहोत, म्हणजे काम, घर, बाकीची सगळी धावपळ सांभाळून, पदक नको, त्यातून पैसे नकोत, फक्त आवडतं म्हणून करणारी, आपल्याला हल्ली मोबाईल उघडला की एकच उपदेश ऐकू येतो की सिरियस असाल तर बाकी सगळं सोडा. मित्रांमुळे फोकस जातो, छंदांमध्ये वेळ जातो, एकटे उठा, एकटे करा, बोलावणी नाकारायला शिका. मला हे पटत नाही. अजिबात नाही. माझं मत विचाराल तर हौशी माणसाचा व्यायाम वर्षानुवर्षं टिकतो तो मित्रांमुळे आणि छंदांमुळेच, आणि एकदा का व्यायामासाठी या दोन्ही गोष्टी मागे पडायला लागल्या की थोड्याच दिवसांत व्यायामही सुटतो. आजूबाजूला असं होताना मी इतक्यांदा बघितलंय की आता न बोलणं मला जमत नाही.

आता हे नुसतं भावनेच्या भरात बोलतेय असं वाटू नये म्हणून आधी हिशोब बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात प्रौढ माणसासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, किंवा जोरात करत असाल तर ७५ ते १५० मिनिटं, आणि आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम. एका आठवड्यात मिनिटं असतात १०,०८०. त्यातली १५० म्हणजे जेमतेम दीड टक्का, आणि वरची ३०० धरली तरी तीन टक्के. दीड-तीन टक्क्यांसाठी उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांमधली माणसं तोडायची, हा सल्ला कुणी आणि कशाच्या जोरावर दिला, खरंच सांगा. आणि हे सगळं रोज थोडं थोडंच करावं लागतं असंही नाही बरं का. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधून केलेला अभ्यास आला, त्यात ज्यांचा बराचसा व्यायाम आठवड्याच्या एक-दोन दिवसांतच होतो त्यांनाही हृदयविकाराचा धोका, रोज विभागून करणाऱ्यांच्या इतकाच कमी दिसला. म्हणजे ज्यांना कामाच्या दिवसांत जमत नाही आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर लांब सायकल मारायची किंवा डोंगर चढायचा, त्यांनी मनात अपराधी वाटून घ्यायचं काहीच कारण नाही.

मग एखादा दिवस बुडाला तर काय होतं? खरं सांगायचं तर काहीही होत नाही. पूर्ण बंद केलं तर दम साधारण दोनेक आठवड्यांनी उतरायला लागतो, ताकद त्याहून सावकाश उतरते, तीनेक आठवडे तर ती बऱ्यापैकी तशीच असते. आणि पूर्ण बंद न करता नुसतं कमी केलं तर आणखीच मजा आहे. १९८१ चा एक जुना प्रयोग आहे, लोकांना आठवड्याला ६ दिवस जोरदार ट्रेनिंग करायला लावलं, नंतर ते काहींचं ४ आणि काहींचं २ दिवसांवर आणलं, पण जोर तेवढाच ठेवला, आणि १५ आठवड्यांनंतरही त्यांची दमाची क्षमता टिकून होती. ताकदीच्या बाबतीत २०११ चा अभ्यास आहे, त्यात तर आधीच्या नवव्या हिश्श्याएवढ्या व्यायामावर, म्हणजे आठवड्यातून एकदा, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट (सलग एकच फेरी), एवढ्यावर तरुण मंडळींनी ३२ आठवडे कमावलेलं राखलं. साठीच्या पुढच्या लोकांची ताकद राहिली पण स्नायूंचा आकार राखायला त्यांना तेवढं पुरलं नाही, म्हणजे वय वाढेल तसं थोडं जास्त करावं लागणार, हे मान्यच आहे. पण मुद्दा लक्षात घ्या. मिळवायला मेहनत लागते, राखायला फार कमी लागतं. मग मैत्रिणीचं घर शिफ्ट होतंय, तिला दोन हात हवेत, आणि आपण म्हणायचं की आज माझा लेग डे, म्हणजे पायांच्या व्यायामाचा दिवस, आहे? अहो, चार जिने खोकी घेऊन वरखाली करणं हा लेग डेच आहे!

दुसरं म्हणजे ‘मित्रांबरोबर गेलं की नुसत्या गप्पा होतात, व्यायाम होत नाही’ हे वाक्य. हे ज्यांनी काढलं त्यांना धावण्याबद्दल कमी माहिती असावी असं मला वाटतं, कारण गप्पा मारता येतील असा वेग हाच तर बहुतेक दिवसांचा योग्य वेग आहे. जगातले चांगले लांब पल्ल्याचे धावपटू, रोअर (बोट वल्हवणारे), सायकलपटू यांच्या ट्रेनिंगच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा साधारण ८० टक्के काम हलक्या जोराचं निघालं, दमवणारं उरलेलं २० टक्के. आपण हौशी लोक नेमकं उलट करतो, रोजच मध्यम-कठीण, ना धड हलकं ना धड जोरदार, मग अंग कायम जड आणि प्रगती शून्य. घड्याळातल्या हार्ट रेटवर फार जाऊ नका, ठोक्यांची कमाल मर्यादा काढायचं २२० वजा वय हे सूत्र सरासरी आहे, एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे सहज असतं. त्यापेक्षा बोलून बघा. वाक्यं बोलता येतात पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, म्हणजे जोरदार. आमच्या ग्रुपमध्ये एक गाणारी मैत्रीण आहे, चढ लागला की ती एक ओळ गाऊन बघते, आरामात जमली तर म्हणते चला अजून थोडं वाढवा. मला हे कुठल्याही घड्याळापेक्षा जास्त आवडतं, आणि त्या निमित्तानं गाणंही ऐकायला मिळतं.

आणि मित्रांमुळे जोर कमी होतो म्हणणाऱ्यांनी तर थोडं वाचावंच. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या रोइंग टीमवर एक सुंदर प्रयोग झालाय. तीच मुलं, तेच मशीन, तेवढीच मेहनत, एकदा एकट्यानं आणि एकदा सगळ्यांनी एकत्र तालात, आणि नंतर हातावर बीपीचा पट्टा आवळून कोण किती वेदना सहन करतं ते मोजलं. एकत्र केल्यानंतर सहनशक्ती स्पष्टपणे जास्त वाढलेली. अभ्यासकांच्या मते यामागे एंडॉर्फिन आहे, म्हणजे शरीरातच तयार होणारं, वेदना कमी करणारं रसायन. आपण जे म्हणतो ना, ‘आज सगळे होते म्हणून जाणवलंच नाही’, ते अगदी खरं असतं. आणि केनियाचा मॅरेथॉन धावपटू किपचोगे आठवतो का, १२ ऑक्टोबर २०१९, व्हिएन्ना, मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत? त्या दिवशी त्याच्या पुढे-मागे आळीपाळीनं धावणारे ४१ पेसर, म्हणजे वेग राखून देणारे धावपटू, होते, आणि त्यातले कितीतरी स्वतः जागतिक दर्जाचे धावपटू. पेसर असे बदलत राहिले म्हणून तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही, ठीक आहे, पण शेवटी ते बाजूला झाले आणि तो एकटा पुढे गेल्यावर मागे सगळे कसे नाचत होते ते बघितलंय ना? त्या वेळचा जगातला सगळ्यात भारी मॅरेथॉनर माणसं सोबत घेऊन धावला आणि आपल्याला कुणीतरी सांगतं की एकट्यानं करा.

आता माझा सगळ्यात आवडता आकडा. कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास लोकांचा २५ वर्षांपर्यंत मागोवा घेतला, कोण कुठला खेळ खेळतं आणि किती जगतं, २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणारे सरासरी ९.७ वर्षं जास्त, बॅडमिंटनवाले ६.२, फुटबॉल ४.७, सायकल ३.७, पोहणं ३.४, जॉगिंग ३.२, आणि जिम १.५. लगेच जिम सोडायला निघू नका, हा फक्त निरीक्षणाचा अभ्यास आहे, टेनिस खेळणाऱ्यांकडे वेळ आणि पैसा जास्त असणं वगैरे कारणं असू शकतात, कितीही गणित केलं तरी ती पूर्णपणे बाजूला काढता येत नाहीत. पण ज्या खेळांना समोर दुसरं माणूस लागतं तेच यादीत वर आहेत, हे अभ्यास करणाऱ्यांनाही ठळकपणे जाणवलं, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. बॅडमिंटनला चौघं जमली की कुणीतरी विचारतंच, ‘काय गं, आज चेहरा उतरलाय?’ ट्रेडमिल असं विचारत नाही.

छंदांचंही तसंच आहे आणि यावर तर फार कमी बोललं जातं. व्यायाम कशासाठी, याचं उत्तर आरशात शोधलं की काही महिन्यांत कंटाळा येतो, आरसा फार हळू बदलतो. पण छंदात शोधलं की रोज काहीतरी सापडतं. पक्ष्यांचे फोटो काढणारा आमचा एक मित्र आहे, त्याला जड लेन्स घेऊन तासभर उकिडवं बसावं लागतं, तो स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन उठाबशा, करतो ते त्यासाठी, आणि म्हणूनच कधी चुकवत नाही. एक जण गिटार वाजवतो, त्याच्यामुळे आम्हाला कळलं की जड डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) आणि पुलअप (दांड्याला लटकून अंग वर ओढणं) ज्या दिवशी असतात त्या संध्याकाळी बोटांची पकड गेलेली असते, तारा नीट दाबल्या जात नाहीत, मग त्यानं ते व्यायाम प्रॅक्टिस नसलेल्या दिवशी टाकले, वाजवणंही छान आणि ओढणंही छान. ट्रेकवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट सांगते. पाय दुखतात ते चढण्यापेक्षा उतरताना, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात आणि त्यात बारीक बारीक इजा होतात. ते दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त जाणवतं, आणि त्याचं मेहनत करताना स्नायूंमध्ये तयार होणाऱ्या लॅक्टिक अ‍ॅसिडशी काही देणंघेणं नाही, ते तर तासाभरात निघून जातं. चांगली गोष्ट ही की स्नायू एकदा असं काम केलं की पुढचे काही आठवडे बऱ्यापैकी सांभाळून घेतात. म्हणून मोठ्या ट्रेकच्या आदल्या दिवशी जड स्क्वॉट करू नका, पण एक-दोन आठवडे आधी जिने किंवा छोटी टेकडी उतरून घ्या, पायांना आठवण राहते. छंद असा व्यायामाला दिशा देतो, नाहीतर माणूस नुसता किलो आणि किलोमीटर मोजत बसतो.

मला अजून एक बोलायचंय, जे मित्र व्यायाम करत नाहीत त्यांच्याबद्दल. त्यांना जपा, प्लीज. जेवायला बसल्यावर त्यांच्या ताटाकडे बघून प्रोटीन सांगू नका, त्यांनी विचारलं नसेल तर एक शब्दही नको. ‘तू पण सुरू कर ना’ हे दहा वेळा ऐकलेला माणूस अकराव्यांदा भेटायचंच टाळतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. त्यापेक्षा भेटायचं ते चालत भेटा. बसून दोन तास बोलायचंय ते चालत बोला. त्याला कुणी व्यायाम म्हणायची गरज नाही, आणि दहा हजार पावलं झाली का म्हणून फोन काढायचीही गरज नाही. हा दहा हजारांचा आकडा आला तो जपानमधल्या १९६५ च्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावावरून, टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी ते बाजारात आलं, कुठल्या डॉक्टरनं मोजून काढलेला आकडा नाही तो. त्याहून बऱ्याच कमी पावलांवरही फायदा सुरू होतो, आणि सोबत बोलायला माणूस असेल तर पावलं आपोआप वाढतात.

ग्रुपमध्ये सगळ्यांचा वेग सारखा नसतो, यावरून फार ग्रुप फुटताना पाहिलेत. आमचा साधा नियम आहे, हलक्या दिवशी सगळ्यात हळू जो असेल त्याचा वेग, जोराच्या दिवशी ज्याला जसं जमेल तसं, पण वळणावर थांबायचं. आणि थांबणाऱ्यानं, मागचा पोचल्यावर लगेच ‘चला’ म्हणून निघायचं नाही! तो दमून आलाय, विश्रांती तुमची झालीय, त्याची नाही. हे इतकं साधं आहे पण वेगवान लोकांच्या लक्षात येत नाही, आणि मागच्याला वाटत राहतं की आपण ओझं आहोत, मग एक दिवस तो ‘उद्या जमत नाही’ टाकतो, मग परत, मग ग्रुपमधून शांतपणे निघून जातो.

दुखापत झालेल्यांचं पण असंच होतं. गुडघा किंवा खांदा गेला की माणूस तीन महिने बाहेर, आणि त्या तीन महिन्यांत त्याला कुणी बोलावत नाही, कारण ‘तो येणार थोडाच’. मला विचाराल तर खरी गरज त्याला तेव्हाच असते, व्यायाम बंद, सवय बंद आणि वर माणसंही बंद. त्याला बोलवा. घड्याळ लावून वेळ मोजायला, रॅकेटचे पॉइंट मोजायला, सायकलींपाशी बसायला, वरच्या अंगाचा व्यायाम करता येत असेल तर तोच सगळ्यांनी मिळून करायला. आमच्याकडे एकीचा घोटा गेला होता, ती काठी घेऊन यायची, कठड्यावर बसायची आणि प्रत्येकाचा फॉर्म बघून ओरडायची, पाठ सरळ, गुडघा आत येतोय, आणि खरं सांगते त्या काळात आमचे स्क्वॉट जेवढे सुधारले तेवढे आधी कधीच सुधारले नव्हते. फिजिओनं परवानगी दिली त्याच आठवड्यात ती चालायला लागली, आणि तिच्याबरोबर आम्ही सगळेच तेवढ्याच हळू चाललो.