स्प्लिट एसी ऑक्सिजन खात नाही

गेल्या मे महिन्यात रात्री साडेदहाला नागपूरला मावशीकडे पोचले, तर ती बैठकीत सतरंजीवर बसलेली, खांद्यावर ओला पंचा. आत बेडरूममध्ये मुलानं बसवून दिलेला दीड टनाचा स्प्लिट एसी, आणि तो बंद. मावशी 72 वर्षांची, बीपीची गोळी चालू. दिवसा पारा 45 च्या वर गेलेला, भिंतीला हात लावला तर रात्रीसुद्धा चटका जाणवत होता. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, तो खोलीतला श्वास ओढून घेतो म्हणे. मेसेज आलाय, डॉक्टरनं लिहिलाय." चार रात्री तिनं अशा काढल्या होत्या.

मेसेज मी तिथंच वाचला. स्प्लिट एसी खोलीतला ऑक्सिजन बाहेर खेचतो, खिडकीत बसणारा विंडो एसी ताजी हवा आत आणतो. लेबलवरचे वीजबचतीचे तारे सारखे असले की बिलही सारखंच, मग महागडा स्प्लिट कशाला. स्प्लिटमध्ये दरवर्षी गॅस भरावा लागतो. विंडोला मिस्त्री लागत नाही, कुठल्याही बोर्डावर चालतो. आणि 16 अंशांवर ठेवला की खोली लवकर गार होते. खाली सही म्हणजे "एका ज्येष्ठ डॉक्टरांचा सल्ला". नाव नाही, गाव नाही.

पहिला मुद्दा आधी घेते, कारण त्यानंच मावशीला उकाड्यात बसवलं.

मी देवघरातून उदबत्ती आणली, पेटवली आणि स्टुलावर चढून इनडोअर युनिटच्या वरच्या जाळीजवळ धरली. धूर जाळीतून आत ओढला गेला आणि खालच्या पात्यांतून थंड हवेबरोबर खोलीतच परत आला. मावशी बघत होती. मग तिला भिंतीतलं भोक दाखवलं. त्यातून बाहेर काय जातं? एक जाड आणि एक बारीक तांब्याची नळी, वायर आणि पाण्याची नळी. तांब्याच्या नळ्यांत बंद चक्रात फिरणारा गॅस असतो. तो खोलीतली उष्णता घेऊन बाहेरच्या पेटीत, म्हणजे आउटडोअरला, सोडतो आणि परत येतो. खोलीतली हवा त्या नळ्यांत शिरतच नाही. ऑक्सिजन खेचायला वाटच नाही, तर खेचणार कुठून?

आता आकडे. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे 34,000 लिटर हवा, त्यात ऑक्सिजन 7,000 लिटरच्या आसपास. झोपलेला माणूस तासाला साधारण 15 लिटर ऑक्सिजन वापरतो. दोघं आठ तास झोपले तर 240 लिटर. म्हणजे खोली डबीसारखी सीलबंद असली, तरी ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून सव्वावीसच्या खाली जात नाही. आणि आपल्या घरांची दारं-खिडक्या डबीसारखी बंद होतात तरी कुठं?

यात अर्धं खरं एवढंच, की बंद खोलीत सकाळी डोकं जड वाटतं. ते आपल्याच उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. पण ते विंडो एसीतही होतं आणि नुसता पंखा लावून सगळं बंद केलं तरी होतं. विंडोच्या काही मॉडेलांत हवा खेळती ठेवायला छोटी कळ असते, हे मान्य. पण तिनं मिळणारी हवा थोडीच असते, आणि बहुतेक घरांत त्या कळीला कुणी हात लावलेला नसतो. विंडो एसीसुद्धा खोलीतलीच हवा फिरवतो. दार बोटभर उघडं ठेवलं तर दोन्हीकडे काम होतं.

मला वाटतं हा गोंधळ कूलरमुळे झालाय. विदर्भात पिढ्या कूलरवर वाढल्या. कूलर खरोखरच बाहेरची हवा ओल्या खसातून आत ढकलतो, म्हणून त्याला समोरचं दार उघडं लागतं. खिडकीत बसलेली पेटी म्हणजे बाहेरची हवा, हे डोक्यात पक्कं बसलंय. विंडो एसीही खिडकीतच बसतो, पण त्याचं काम कूलरचं नाही.

ताऱ्यांचा मुद्दा खिशाला चाट लावणारा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, विंडो आणि स्प्लिटसाठी वेगळे तक्ते ठेवते. जुलै 2022 मध्ये लागू झालेल्या तक्त्यात पाच ताऱ्यांसाठी स्प्लिटला आयएसईईआर किमान 5.0 लागत होता, विंडोला फक्त 3.5. आयएसईईआर म्हणजे हंगामभरात दिलेली थंडाई भागिले खाल्लेली वीज. त्याच तक्त्यात 3.5 ला स्प्लिटला मिळत होते दोन तारे. म्हणजे पाच ताऱ्यांचा विंडो दोन ताऱ्यांच्या स्प्लिटच्या रांगेत उभा होता. तेवढ्याच थंडाईला 5.0 वाल्या स्प्लिटला 100 युनिट लागली, तर 3.5 वाल्या विंडोला 143 लागतात, आणि युनिट वाढली की वरचा स्लॅबही लागतो. कारण साधं आहे. विंडोला सगळं एका खिडकीएवढ्या पेटीत कोंबावं लागतं, स्प्लिटचं आउटडोअर बाहेर असल्यानं उष्णता सोडणारी कॉइल मोठी ठेवता येते. तक्ते मधूनमधून कडक होतात, म्हणून दुकानात तारे मोजत बसू नका, लेबलवरचा आयएसईईआर आणि वर्षाची युनिट वाचा. ती युनिट 1600 तासांच्या वापरावर काढलेली असतात.

गॅसचं म्हणाल तर तो पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणारा मिस्त्री तुमचे पैसे घालवतोय. हो, स्प्लिटचे सांधे घरी जोडले जातात, विंडोचं चक्र कारखान्यातूनच बंद होऊन येतं, त्यामुळे स्प्लिटमध्ये गळतीची शक्यता जास्त, हे मला मानावं लागतं. पण त्यावर उपाय म्हणजे बसवताना मिस्त्रीनं व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढलीय का, ते उभं राहून बघणं.

"कुठल्याही बोर्डावर चालतो" हे लिहिणाऱ्याला मात्र मी माफ करू शकत नाही. दीड टनाचा एसी, विंडो असो की स्प्लिट, त्याला 16 अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारी कळ) आणि अर्थिंग लागतं. टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो तासन् तास चालला तर वायर तापते, पिन काळी पडते आणि मग आग लागते. आणि तीस-चाळीस किलोंहून जड पेटी खिडकीत चढवायला मिस्त्री नको? खाली माणसं चालत असतात.

16 वर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही. तो आकडा कुठं थांबायचं एवढंच सांगतो. एक अंश वर ठेवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं बीईई सांगते.

मावशी त्या रात्री 26 वर एसी आणि हळू पंखा लावून, दार बोटभर उघडं ठेवून झोपली. सकाळी उठून तिनं विचारलं, पुढच्या खोलीत कोणता घ्यायचा? तिथं ती दुपारी तासभर पोथी वाचत बसते. आउटडोअर ठेवायला जागा नाही, बाहेर सज्जाही नाही, आणि जुनी लाकडी चौकट मजबूत आहे. तिथं मी तिला विंडोच घ्यायला सांगितला, एक टनाचा, आणि वायरमनला बोलावून आधी नवीन पॉइंट काढून घेतला.