गाडीचं तोंड रस्त्याकडे

आज इथे गोव्यात, म्हापशाच्या बाजारात जे पाहिलं ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले. पिशव्या अजून तशाच पडवीत आहेत.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठवड्यावर आलीय आणि त्यात आज शुक्रवार, म्हापशाच्या बाजाराचा दिवस, म्हणजे गर्दी किती ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या एका हातात मयड्याच्या केळ्यांचा घड, दुसऱ्या हातात तवशी, आणि रस्ता ओलांडायला मी कडेला थांबलेली. समोर दोन गाड्यांच्या मधली एक जागा रिकामी झाली. एक मुलगी जुनी छोटी गाडी घेऊन आली, असेल बावीस-तेवीसची. तिने इंडिकेटर दिला, जागा सोडून थोडी पुढे गेली, पुढच्या गाडीच्या बरोबरीने थांबली आणि मागचा पांढरा, रिव्हर्सचा दिवा लागला. जसं करायला हवं अगदी तसंच. मी मनात म्हटलं, शाब्बास.

तेवढ्यात मागे एक मोठी गाडी येऊन उभी राहिली आणि हॉर्न सुरू. एकदा नाही, दोनदा नाही, हात ठेवला तो ठेवलाच. मुलगी गडबडली, गाडी बंद पडली. तिने परत चालू केली, परत मागे घ्यायला लागली, तर एक स्कूटरवाला तिच्या मागूनच घुसला. ती थांबली. त्या मोठ्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली आणि मोठ्याने म्हणाला, ‘बायलांक गाडी कोण दिता रे!’ म्हणजे, बायकांना गाडी कोण देतो! आजूबाजूचे दोघेतिघे हसले.

पाऊस केव्हाचा थांबला होता, पण तिचा वायपर चालूच होता, कोरड्या काचेवर करकर करत. तो बंद करायचंही तिला सुचलं नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं. मग तिने पहिला गिअर टाकला आणि जागा सोडून निघून गेली. आणि त्या माणसाने काय केलं? त्याच जागेत तोंडाने गाडी घुसवली. तिरकी. मागचा अर्धा भाग रस्त्यावर. उतरला आणि चालू पडला.

अरे, तुला ज्या दोन मिनिटांची एवढी घाई होती, ती तुझी गाडी तशी रस्त्यात ठेवल्यावर दिवसभर दुसऱ्यांनी भरायची का?

माझे बाबा डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या तोपर्यंत चालवला. भरलेला टिपर डंपच्या, म्हणजे खाणीतल्या मातीच्या ढिगाच्या, कडेपर्यंत मागे घ्यायचा, मागे क्लीनर उभा. घरी आले की कितीही दमलेले असोत, गाडी मागे घेऊनच आत लावायचे. ‘गाडीचं तोंड रस्त्याकडे’, हा आमच्या घरातला नियम. चपला दाराबाहेर काढायच्या तसाच.

मी एकोणीस वर्षांची असताना त्यांनी मला गाडी शिकवली. सेकंडहँड मारुती ८००. पुढे चालवायला आठ दिवसांत यायला लागली. मला वाटलं, झालं. बाबा म्हणाले, अजून अर्धीच आली. देवळासमोरच्या मैदानात त्यांनी तेलाचे दोन रिकामे डबे आणले, त्यात रेती भरली आणि प्रत्येकात एक बांबूची काठी रोवली. आमच्या गेटच्या दोन चिऱ्यांच्या खांबांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच या दोन काठ्यांमध्ये, पावलं मोजून. मग तीन आठवडे रोज संध्याकाळी मी त्या काठ्यांमधून गाडी मागे घ्यायची. बाबा मागे, एका बाजूला उभे. ‘यो, यो, यो... राव!’ म्हणजे ये, ये, ये... थांब! आणि त्यांची एकच अट होती: मी तुला आरशात दिसलो नाही, तर गाडी हलवायची नाही. एकदा मी हलवली. ते ओरडले नाहीत. मला उतरवलं आणि मागच्या चाकापाशी नेऊन बसवलं. म्हणाले, इथून बघ, ड्रायव्हर दिसतो का? नाही दिसत. मग ड्रायव्हरला तू कशी दिसशील?

तीन-चार वर्षांचं पोर गाडीच्या मागे बसलेलं असेल तर आरशात दिसत नाही. ज्यांच्या अंगणात नातवंडं खेळतात त्यांनी एकदा तरी मागच्या चाकापाशी बसून बघा.

आणि गाडी मागे घेऊन लावणं हा नुसता शिस्तीचा प्रश्न नाही, साधी गोष्ट आहे. वळतात ती पुढची चाकं. तोंडाने अरुंद जागेत शिरलात की मागची चाकं आतल्या बाजूने कापत येतात आणि दरवाजा खांबाला घासतो. मागून शिरलात की मागची चाकं आधी जागेवर बसतात आणि तोंड मोकळ्या रस्त्यावर हवं तसं फिरवता येतं. त्यात आपले रस्ते हे असे. गेटच्या बाहेर लगेच वळण, दोन्हीकडे चिऱ्यांच्या कुंपणाची गडगी, पावसात त्यावर रान माजलेलं. घरातून मागे मागे बाहेर निघालात तर अर्धी गाडी रस्त्यावर येईपर्यंत बस येतेय की मोटरसायकल, काही दिसत नाही. गाडी तुम्हाला कधीतरी मागे घ्यावीच लागणार. मग ती आत येताना घ्या ना, जिथे समोर फक्त भिंत आणि तुळस आहे.

आता लगेच कोणीतरी लिहील की हल्ली कॅमेरा असतो, सेन्सर असतात. असतात. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, ते चांगलंच झालं. पण आपल्या पावसात त्या कॅमेऱ्यावर पाण्याचा एक थेंब बसला की पडद्यावर काय दिसतं ते मला सांगू नका. आणि सेन्सर सारखा बोंबलायला लागला की माणूस त्याच्याकडे लक्ष द्यायचंच सोडतो.

काही इमारतींत मागून लावू देत नाहीत, धूर तळमजल्यावरच्या खिडकीत जातो म्हणून. बरं, ते मान्य. जिथे पट्टेच तिरके, पुढून शिरायचे आखलेत, तिथेही पुढूनच लावा. आणि मागे थांबणाऱ्याचा वेळ जातो हेही खरं आहे. जातो. एक मिनिट, दीड मिनिट. चवथीच्या बाजारात त्याहून जास्त वेळ आपण एका नारळाचा भाव करण्यात घालवतो.

गाडी मागे घेणं ही काही कोणाची हौस नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. लायसन्सच्या परीक्षेत काय काय यायला हवं ते त्यात लिहिलंय, आणि मर्यादित जागेत उजवीकडे किंवा डावीकडे गाडी मागे घालून दाखवणं त्यात आहे. म्हणजे आज ती मुलगी जे करत होती, ते करता आल्याशिवाय तिला लायसन्स मिळायलाच नको. आणि तोंडाने घुसवून गेलेल्या त्या माणसाला ते कोणी विचारलं होतं, कोण जाणे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. खरं सांगायचं तर राग त्या माणसाचा जेवढा, तेवढाच माझा मला आहे. मी तिथेच उभी होते. दहा पावलांवर. केळ्यांचा घड खाली ठेवायचा, तिच्या गाडीच्या मागे एका बाजूला जाऊन उभं राहायचं, आरशात दिसेन असं, आणि म्हणायचं, ‘यो बाय, यो, यो... राव.’ एवढंच. स्कूटरवालाही थांबला असता. हॉर्नवाल्याने कदाचित माझ्यावरही वाजवला असता, वाजवू दे. तीन आठवडे रोज संध्याकाळी कोणीतरी माझ्या मागे उभं राहिलं म्हणून मला गाडी येते, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी केळी धरून बघत राहिले.

बाबांना आता नीट दिसत नाही. संध्याकाळी पडवीत बसतात. गाडी मागे घेताना गिअरचा तो घुंईं असा आवाज येतो ना, मागच्या गिअरचे दाते सरळ असतात म्हणून येणारा, त्यावरून ते ओळखतात, मी आले की भाऊ आला. भावाचा हात जड आहे म्हणतात. आज मी गाडी आत घेतली आणि त्यांनी आतूनच विचारलं, ‘आज दोनदा का घेतलीस?’ खरंच, दोनदा घेतली होती. पहिल्या वेळी खांबाच्या फार जवळ गेले होते. मी पायरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग ती पोर कुठे गेली?’

मला माहीत नाही.

तिची गाडी जुनी पांढरी होती. मागच्या काचेवर कसलंही स्टिकर नव्हतं. तुमच्यापैकी कोणाची भाची, पुतणी, शेजारीण आज म्हापशाहून रडवेली होऊन घरी आली असेल आणि म्हणत असेल की आता बाजारात गाडी नेणार नाही, तर तिला ही पोस्ट दाखवा. तिला सांगा की तिने जे केलं ते बरोबर होतं, अगदी पांढरा दिवा लागेपर्यंत सगळं बरोबर. आणि तिला हवं असेल तर कुठल्याही रविवारी चार वाजता आमच्याकडे यावं. देवळासमोरचं मैदान तेव्हा रिकामं असतं. काठ्या नवीन लागतील, पण दोन्ही डबे आहेत. मागे मी उभी राहीन. बाबा म्हणाले, तेही खुर्ची घेऊन येतील.