'वावर माझं, पाणी माझं' : अर्ध्या खऱ्या मेसेजबद्दल

वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात आंबिया बहर फुटला आणि पाण्याची ओढ सुरू झाली की हा मेसेज हमखास फिरतो : '1882 च्या कायद्याने वावराखालचं पाणी शेतमालकाचं. बोअरला परवानगी लागत नाही. शेजाऱ्याची विहीर आटली तरी कोर्ट काही करत नाही.'

1882 चा सुखाधिकार कायदा आहे, कलम 7 मधलं उदाहरणही आहे. ठरावीक प्रवाहात न वाहणारं जमिनीखालचं पाणी मालकाने गोळा करून वापरावं, असंच ते सांगतं. पण तेव्हा उपसा बैलाच्या मोटेचा होता. सबमर्सिबल कोणी पाहिला होता?

परवानगीचं म्हणाल, तर महाराष्ट्राच्या 1993 च्या भूजल कायद्याने गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला मनाई केली. टंचाई जाहीर झाल्यावर 1 किलोमीटरच्या आतल्या जुन्या विहिरीचा उपसाही थांबवता येतो. 2009 चा भूजल कायदा आणखी पुढे गेला. विहिरीची नोंदणी, बोअर मशीनवाल्याची नोंदणी, शिवाय शेती-उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल जाण्यावर निर्बंध. 60 मीटर म्हणजे जेमतेम 197 फूट. संत्र्याच्या पट्ट्यात एवढ्याला कोणी बोअर म्हणतही नाही! अंमलबजावणी ढिली आहे हे खरं, पण त्याने कायदा रद्द होत नाही.

शेजाऱ्याच्या विहिरीचं गणित खडकात आहे. वरचा मुरूम आणि मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक) पाणी धरतात, 40-50 फुटांची विहीर त्यावरच जगते. तिथून जवळच 700 फुटांचा बोअर मारला आणि केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) फक्त मातीपुरतं टाकलं, की वरच्या थराचं पाणी बोअरच्या उघड्या भिंतीतून खाली गळतं. पंप बंद असला तरी गळतं. विहीर बसते, आणि बोअरवाल्याला वाटतं खाली मोठा झरा लागला.

मेसेजमधल्या 'कोर्ट काही करत नाही' यामागचा निकाल बहुधा केरळातल्या प्लाचीमाडा गावाचा. 2003 मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी भूजल लोकांचं आणि सरकार त्याचं फक्त विश्वस्त, असं धरलं, 2005 मध्ये खंडपीठाने ते फिरवलं. तिथे वाद एका ग्रामपंचायतीने कोका-कोला कंपनीचा परवाना नाकारल्याचा होता. आपल्याकडे विधिमंडळाने केलेला स्वतंत्र कायदा आहे.

तेव्हा मशीन बोलावण्याआधी गावाची नळयोजनेची विहीर नेमकी कुठे आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. अंतर सरळ रेषेत मोजा, पांदणीने फिरून नको. मशीनवाल्याची नोंदणी बघा. आणि केसिंग मांजऱ्या ओलांडून काळ्या पाषाणात घट्ट बसेपर्यंत त्याचं बिल देऊ नका.