मेगापिक्सलच्या आधी लाईट आणि पासवर्डचं बघा
घरासाठी कॅमेरा कसा निवडावा या लेखात सगळा भर मेगापिक्सलवर आहे पण माझा अनुभव सांगते, साताऱ्याला आईबाबा दोघंच असतात म्हणून दारावर वायफाय कॅमेरा लावला आणि पावसाळ्यात लाईट गेली की राऊटर बंद, मोबाईलवर नुसतं गोल फिरत बसायचं, जीव टांगणीला लागायचा हो. शेवटी राऊटर नि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकलं, आता नेट गेलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. बरेच कॅमेरे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतात, तेही आधी विचारा. आणि कॅमेऱ्याला कंपनीनं दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला प्लीज, २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं (घातक सॉफ्टवेअरनं) असलेच डिफॉल्ट पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारी यंत्रं), राऊटर लाखोंनी ताब्यात घेतले होते. घरात आत मात्र आम्ही कॅमेरा लावला नाही, बाबांना आवडत नाही आणि बरोबरच आहे त्यांचं.