रुग्ण 58, सिस्टर 1

12 मे, परिचारिका दिन. दरवर्षी या दिवशी एक मजकूर मोबाइलवर फिरतो. यंदा आमच्या जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) बॅचच्या ग्रुपवर तो तिघींनी टाकला. त्यात म्हटलंय की नर्सिंग हे सेवाव्रत आहे, नोकरी नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सावित्रीबाई फुले यांनी ना संघटना काढली, ना पगार मागितला. आजच्या संघटनांना फक्त पगारवाढ दिसते आणि त्यांच्या संपापायी रुग्ण दगावतात. मी सरकारी रुग्णालयांत 31 वर्षं काढली आणि बहुतेक काळ संघटनेची सभासद होते. पुढे पाठवणाऱ्या तिघी माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी नाइटिंगेलबाई. 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी त्या 38 जणींना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीला गेल्या. त्यांत धर्मसंस्थांच्या भगिनी होत्या, तशा रुग्णालयांतून पगार ठरवून आणलेल्या परिचारिकाही होत्या. बाईंना स्वतःला वडिलांकडून वर्षाला 500 पौंड मिळत, त्यामुळे बिनपगारी काम त्यांना परवडत होतं. घरभाडं आणि मुलांची फी ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांना ते परवडत नाही. नाइटिंगेलबाईंना संघटना रुचली नसती, हे मात्र मी मान्य करते. 1887 मध्ये ब्रिटिश परिचारिकांनी संघटना काढून सरकारी नोंदणीची मागणी केली, तेव्हा त्यांनी ठाम विरोध केला होता. पण त्यांच्या पश्चात, 1919 मध्ये, तिथे नोंदणीचा कायदा झालाच. आज आपल्याकडेही नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय कुणी स्टाफ नर्स होत नाही. शिकलेल्या हाताला ओळख मिळावी, ही मागणी संघटित परिचारिकांनीच लावून धरली होती.

सावित्रीबाईंचं नाव त्या मजकुरात वाचून तर मला फार वाईट वाटलं. प्लेगच्या साथीत त्यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणलं, आणि 10 मार्च 1897 ला त्याच रोगाने त्या गेल्या. याच्या महिनाभर आधी, त्याच साथीत, मुंबईत प्लेगग्रस्तांसाठी धावपळ करताना नारायण मेघाजी लोखंडे गेले. तेही सत्यशोधकच. याच लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि 1890 मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. सेवा आणि संघटना एकमेकींच्या वैरिणी आहेत, असं त्या माणसांना कधी वाटलं नाही. त्यांच्याच नावाने आज आम्हाला गप्प बसायला सांगितलं जातं.

आता पगार. हो, संघटना पगार मागतात, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. 2011 पर्यंत खासगी रुग्णालयांत बॉन्डची पद्धत सर्रास होती. मुलीची मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घ्यायची आणि ती मुदतीआधी निघाली तर पैसे मागायचे. त्या वर्षी मुंबईतल्या एका रुग्णालयात केरळहून आलेल्या तरुण परिचारिकेने आत्महत्या केली आणि तिच्या सहकारी रस्त्यावर आल्या. त्याच सुमारास केरळात खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांची संघटना उभी राहिली. पुढे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी समिती नेमण्याचे निर्देश दिले. त्यानंतर केंद्राच्या समितीने लहानात लहान खासगी रुग्णालयातही महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी देऊ नये, अशी शिफारस केली. केरळने 2018 मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली, तीही वर्षानुवर्षांच्या आंदोलनांनंतर. इतर ठिकाणी अजून किती तरी मुली निम्म्या पगारात रात्री काढताहेत.

पण संघटनेचं सगळ्यात मोठं काम पगाराच्या पुढचं आहे, आणि त्या मजकुरात नेमकं त्याचंच नाव नाही. ते म्हणजे एका सिस्टरमागे रुग्ण किती.

डेंगीचा हंगाम, मेडिकल वॉर्ड, नाईटला मी एकटी. खाटा 40, बाकीचे रुग्ण खाली गाद्यांवर. सहा नंबरच्या मुलाला फिट आली. त्याला कुशीवर वळवून, दात घट्ट बसलेला जबडा सांभाळत, मी वॉर्डबॉय मामांना डॉक्टरांकडे पिटाळलं. तेवढ्यात चौदा नंबरचं सलाईन संपलं आणि नळीत रक्त उलटं चढलं. तिकडून नातेवाईक ओरडत होते, "सिस्टर, इकडे या हो!" मी सहा नंबरला सोडू शकत नव्हते. सेवाभाव माझ्यात कमी नव्हता, हात दोनच होते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिघांमागे एक. कागदावर. या आकड्याला जिवाची किंमत असते हे 2002 मध्ये संशोधक लिंडा एकन यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता साधारण 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या संघटनेने वर्षानुवर्षं लढून 1999 मध्ये हे प्रमाण कायद्यात आणलं. 2004 पासून ते लागू झालं. पुढचा टप्पा, म्हणजे साध्या वॉर्डात सहाऐवजी पाच रुग्णांमागे एक परिचारिका, राज्यपाल श्वार्झनेगर रोखू पाहत होते. संघटना कोर्टात गेली आणि जिंकली. त्याचा फायदा खाटेवरच्या माणसाला झाला.

उरला संप. इथे मी खोटं बोलणार नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या 1984 ते 2004 मधल्या परिचारिकांच्या संपांचा अभ्यास झालाय, आणि संपकाळात रुग्णालयातले मृत्यू 18-19 टक्क्यांनी जास्त आढळले. म्हणून संप हे शेवटचं हत्यार, हे आमच्यातली प्रत्येकजण जाणते. आमचे मोर्चे निघाले तेव्हा आयसीयू आणि प्रसूतिगृह कुणी सोडलं नाही. ब्रिटनमधली परिचारिकांची संघटना, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग, 1916 ची. संप न करण्याचा नियम त्यांनी 1995 मध्ये काढला आणि पहिला संप उत्तर आयर्लंडात 2019 च्या डिसेंबरात केला. मागण्यांत पगाराइतकंच वॉर्डातल्या मनुष्यबळालाही महत्त्व होतं. शंभर वर्षं थांबणाऱ्यांना उतावीळ कसं म्हणायचं? आणि मनुष्यबळ कमी असल्यामुळे रोज जे दगावतात, ते कुठल्या संपाच्या नावावर लिहायचे? महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका 2022 मध्ये संपावर गेल्या, त्यातला मुख्य विरोध बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीला होता. कायम माणसं भरा, हे मागणं स्वार्थाचं कसं?

त्या डेंगीच्या रात्रीनंतर सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवताना, मी रडले. आमच्या इनचार्ज सिस्टर संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्या. त्यांनी रिपोर्टची वही पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "रडू नकोस. लिही. खाटा 40, रुग्ण 58, सिस्टर 1." मेट्रनबाईंना असे आकडे वहीत आलेले आवडत नसत. तरी लिहिलं, खाली सही केली. दोन महिने प्रत्येक नाईटला प्रत्येकीने तेच लिहिलं. त्या पानांच्या नकला जोडून संघटनेने निवेदन दिलं, आणि दिवाळीनंतर आमच्या वॉर्डाला नाईटला दुसरी सिस्टर मिळाली.