नको असलेली मेंबरशिप म्हणे दान करा!

आज दुपारी बाबांचा फोन वाजला तेव्हा नशीब मी घरी होते. आतल्या खोलीतून ऐकू येत होतं, बाबा समोरच्याला स्वतःचं पूर्ण नाव सांगतायत, मेंबरशिप नंबर सांगतायत, एकेक अक्षर सावकाश, बँकेच्या काउंटरवर सांगतात तसं. आणि मग म्हणाले, "थांबा हं, ओटीपी आलाय, चष्मा घेतो." मी धावत जाऊन फोन हातातून ओढूनच घेतला.

पलीकडचा माणूस गोड बोलत होता. मॅडम, सरांची हॉलिडे मेंबरशिप आम्ही एका एनजीओला डोनेट करून देतो, वर्षाचा मेंटेनन्स कायमचा बंद, वर 80जीचं (दानावर इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते ते) सर्टिफिकेट मिळेल पूर्ण किमतीचं, फक्त 18,500 रुपये प्रोसेसिंग फी आजच भरा. कुठली एनजीओ? तीनदा विचारलं. तिन्ही वेळेला फीवरच आला. चौथ्यांदा विचारलं तर फोन कट. बाबांची थकबाकी किती आहे हे त्याला रुपयापर्यंत माहीत होतं, ते कसं काय, हे आता मला मेंबरशिप विकणाऱ्या कंपनीला विचारायचंय.

दान हा शब्द वापरला म्हणून मी जास्त भडकले. कारण दान करायचा प्रयत्न आम्ही खरंच करून आलोय, मागच्या डिसेंबरात.

आधी थोडं मागचं सांगते. 2009 मध्ये बाबा रिटायर झाले. मॉलमध्ये कोणीतरी कूपन भरायला लावलं, आठ दिवसांनी फोन, तुम्हाला बक्षीस लागलंय, जोडीने या. वाशीला एका हॉटेलात आईबाबांना तीन तास बसवलं, समुद्राचे फोटो, डोंगराचे फोटो, मोठ्याने गाणी, मध्येच टाळ्या. घरी आले ते एक डिनर सेट आणि एक जाडजूड फाइल घेऊन. हॉलिडे मेंबरशिप, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस कंपनीच्या रिसॉर्टवर राहायचा हक्क. 2,40,000 रुपये, 25 वर्षं. आजची ऑफर आजच, असं म्हणाले म्हणे. फाइलमध्ये बारीक अक्षरात लिहिलं होतं की दहा दिवसांत रद्द करता येतं, पण त्या दहा दिवसांत ती फाइल उघडली कोणी? आई हरखून गेली होती. लग्नानंतर दोघं मुंबई-ठाण्याबाहेर म्हणून गेले ते कोल्हापूरला आणि नात्यातल्या लग्नांना, बस.

चार वेळा गेलो आम्ही. चार. बाबांना मिळालेल्या सीझनमध्ये दिवाळी बसत नाही आणि मे महिनाही नाही, आणि माझ्या मुलींना सुट्टी नेमकी तेव्हाच. मग आईचे गुडघे गेले, नंतर आईच गेली. मेंटेनन्स मात्र दरवर्षी वेळेवर आला, जा नाहीतर जाऊ नका, तो भरायचाच. सुरुवातीला 7,000 च्या आसपास होता, आता त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 21,000 च्या वर गेलाय. पेन्शनमधून. मुदत संपणार 2034 ला, बाबांची पंचाहत्तरी आत्ताच उलटलीये.

तर डिसेंबरात बाबाच म्हणाले, वाया घालवण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, आश्रमाला देऊन टाकू. मला पण पटलं, खरं सांगते, खूपच पटलं. बदलापूरच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे तिथे गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिथल्या बाईंनी चहा दिला, फाइल नीट वाचली, पानं उलटून उलटून वाचली (आम्ही 2009 ला वाचली नव्हती तशी), आणि हळूच विचारलं, "काका, हे वर्षाचे एकवीस हजार पुढे कोण भरणार?"

आम्ही दोघंही गप्प.

मग त्या म्हणाल्या, आमच्याकडे निम्मी माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत, त्यांना महाबळेश्वरला नेणार कोण, आम्हाला तांदूळ लागतो, मोठ्यांचे डायपर लागतात. हे त्या रागाने अजिबात बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. येताना गाडीत बाबा उल्हासनगर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मग म्हणाले, "आपलं दुखणं त्यांच्या गळ्यात घालायला निघालो होतो गं."

माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्यात आहे. आपल्याला नको झालेलं, दरवर्षी पैसे खाणारं, विकायला काढलं तर कोणी फुकट घेईना, ते दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं आणि पुण्य लावून घ्यायचं, हे आपल्या घरांत शिकवलेलं नाही कोणी. शिळं अन्न देऊ नये हे आपल्याला कळतं, मग हे का नाही कळत?

ही कल्पना आली कुठून तर न्यू जर्सीच्या मावसभावाकडून. तिकडे टाइमशेअर, म्हणजे अशाच रिसॉर्टमधला वर्षातला आपला आठवडा, दान करतात म्हणे सर्रास. आश्रमातून आल्यावर मी त्याला नीट खोदून विचारलं, वाचलं पण. तिकडे बऱ्याचदा त्या एका आठवड्याचा मालकी हक्कच नावावर असतो, घराच्या कागदासारखा, म्हणून तो देता तरी येतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नुसता वापरायचा हक्क. आणि तिथेही टॅक्समध्ये वजावट मिळते ती आजच्या बाजारभावाची, आपण भरलेल्या पैशांची नाही, आणि बाजारभाव काय, तर जुने टाइमशेअर ऑनलाइन एकेक डॉलरला पडलेले असतात. 5,000 डॉलरच्या वर वजावट हवी तर जाणकाराकडून रीतसर मूल्यांकन लागतं. माँटाना राज्यातल्या एका वकिलाने यातच धंदा काढला होता, लोकांचे टाइमशेअर दानात घ्यायचे आणि किंमत फुगवून दाखवायची, त्याला 84 लाख डॉलरहून जास्त दंड झाला आणि 2023 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने तो कायम केला. बऱ्याच संस्था तर टाइमशेअर घेतच नाहीत, कारण त्यांनाही तोच प्रश्न पडतो जो बदलापूरच्या बाईंना पडला. पुढची फी कोण भरणार.

आणि आपल्याकडचं 80जी! वजावट फक्त पैशांच्या दानाला. वस्तू दिली, मेंबरशिप दिली, शून्य. रोख दिलेत तर 2,000 पर्यंतच चालतात. नव्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर 80जी मिळतच नाही, आणि बाबा नव्यातच आहेत. म्हणजे आजचा तो माणूस जे सर्टिफिकेट देणार होता ते कुठल्याच बाजूने आमच्या कामाचं नव्हतं, आणि माझे बाबा त्यासाठी चष्मा शोधत होते.

हे लिहिताना परत हात थरथरतोय.

बरं, सगळेच फसतात असं नाही. माझी जाऊबाई दरवर्षी जाते, सहा महिने आधी बुकिंग करते, तिचे पैसे वसूल झालेत, मान्य. आणि कोणी स्वतः फी भरून, गाडी करून, एखाद्या आश्रमशाळेच्या पोरांना चार दिवस रिसॉर्टवर नेऊन आणलं तर ते दान, तेही मान्य. पण तसं करणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

रागाच्या भरात मी संध्याकाळी बाबांना पण बोलले. कशाला घेतलंत तेव्हा, कोणाला विचारलं नाहीत. बोलायला नको होतं. ते उठले, कपाटातून फाइल आणली, आणि मागच्या कप्प्यातून आईचा फोटो काढून दाखवला, 2010 चा, कुठल्यातरी रिसॉर्टच्या पायरीवर, हातात मक्याचं कणीस, मनापासून हसतेय. म्हणाले, "तिला एकदा तरी रूम सर्व्हिस मागवायची होती." यावर मी काय बोलणार. बाबा चुकले असं मी आता म्हणणार नाही. तीन तास बसवून ज्यांनी सही घेतली ते चुकले.

दान वगैरे विषय आता संपला. ज्यांनी हे विकलं त्यांनाच परत घ्यायला लावायचं. लेखी सरेंडर मागणार, ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, वय आणि आजारपणाचे कागद जोडून. उत्तर नाही आलं तर 1915 ची ग्राहक हेल्पलाइन आहे, पुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, ऑनलाइनही करता येते. तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते म्हणून त्यांनी नकार दिलाच तर तो लेखीच घ्यायचा. आधीचं काही परत मिळेल अशी मला आशा नाही, पुढची फी थांबली तरी पुष्कळ.

पत्राचा मसुदा झालाय, बाबांनी सही पण केली, दोनदा वाचून. उद्या सकाळी नौपाड्याच्या पोस्टात जातेय. आणि बदलापूरच्या बाईंना मघाशी फोन केला, डायपर कुठल्या साइझचे लागतात विचारायला. लार्ज म्हणाल्या. ठाण्यात होलसेलमध्ये कुठे मिळतात माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा, आणि कुणी अशी मेंबरशिप सरेंडर केली असेल तर तुमच्या पत्राची कॉपी मला इनबॉक्स करा प्लीज.